परत फिरणाऱ्याला जाब विचारायचा नाही

प्रिय बाय,

अनेक शुभाशीर्वाद.

परवा चतुर्थीच्या आरतीनंतर ओसरीवर बसून तू मला तुझा मसुदा वाचायला दिलास, पण घर माणसांनी भरलेले असल्याने नीट बोलता आले नाही. कारखान्यातल्या एका अभियंत्याने खासगी वैमानिकाचा परवाना काढला आहे, त्याला बेळगाव-कोल्हापूरच्या कामांना स्वतः विमान चालवत जायचे आहे, आणि त्यासंबंधीचा नियम लिहिण्याचे काम तुझ्याकडे आले आहे. साहेब म्हणतात बंदी घाल. तो म्हणतो, परवाना सरकारने दिला आहे, कंपनीचा संबंध काय? या दोघांत सापडून तू अमेरिकेतल्या मुख्य कार्यालयाची नियमावली जशीच्या तशी उतरवून काढलीस.

ती उतरवू नकोस. तिथे विमान चालवणे हे नोकरीतल्या कामाला केवळ अनुषंगिक असेल आणि पैसे घेऊन माणसे किंवा माल नेला जात नसेल, तर खासगी परवान्यावर कामासाठी उडता येते; तिथल्या केंद्र सरकारच्या नोकरांना तर स्वतःच्या विमानाने केलेल्या कामाच्या प्रवासासाठी मैलामागे ठरलेला भत्ताही मिळतो. आपल्याकडे खासगी परवान्यावर मोबदला घेऊन उडता येत नाही, म्हणून इंधनाचा खर्च कंपनीने द्यावा की नाही, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला लेखी विचारून घे. परवान्याचे म्हणशील, तर तो किमान 40 तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. ढगात शिरल्यावर केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची पात्रता निराळी असते, आणि ती मागण्याचा कंपनीला पूर्ण हक्क आहे.

पण तुझ्या मसुद्यात एक ओळ नाही, आणि तिच्याचसाठी हे पत्र लिहितो आहे. जो निघाला नाही किंवा अर्ध्या वाटेवरून परत फिरला, त्याला जाब विचारायचा नाही.

नोकरीत प्रवासाची व्यवस्था माझ्याकडे होती. पुण्याकडचे एक सहकारी मित्राचे चार आसनी, एका इंजिनाचे विमान स्वतः चालवत बेळगावला उतरत आणि चोर्ला घाटातून मोटारीने इथे गोव्यात वेर्ण्याला येत. त्यासंबंधी नियम काहीच नव्हता. कोणी हरकत घेत नव्हते, तीच परवानगी. जूनच्या सुरुवातीला एका सकाळी त्यांनी कळवले की बेळगावच्या बाजूला ढग फार खाली आले आहेत, आज थांबतो. मी फोनवर एवढेच विचारले, "मग साहेबांना काय सांगू?" ते निघाले. सुखरूप उतरले, बैठकही झाली, पण जेवताना त्यांच्या हातातला पेला थरथरत होता आणि त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांनी दिला असता तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

त्यानंतर मी विमा कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले की आमच्या सामूहिक अपघात विम्यात नियमित विमानसेवेचा प्रवासी तेवढा धरलेला आहे, स्वतः विमान चालवणारा नाही. मी संपूर्ण बंदी घातली आणि निवृत्त होईपर्यंत ती उठू दिली नाही. लोकांनी मला भित्रा म्हटले. जे. आर. डी. टाटांनी 1932 साली कराचीहून मुंबईपर्यंत स्वतः विमान चालवत टपाल आणले, हे मला कितीदा तरी ऐकवले. अरे, पण ते त्या विमानसेवेचे प्रवर्तकच होते. हवा बिघडली म्हणून थांबले असते तर त्यांना फोन करून विचारणारा माझ्यासारखा कोण होता? ज्या कचेरीत असा फोन करणारा माणूस बसला होता, तिथे बंदीच योग्य होती. माझे ते मत बदललेले नाही.

तुझ्या कचेरीत तसा माणूस नसेल, तर परवानगी दे. मात्र ती ओळ पहिल्या पानावर हवी, आणि प्रत्यक्षात ती खरी ठरेल अशी व्यवस्थाही हवी. उड्डाण ठरेल त्याच दिवशी पर्यायी मोटार सांगून ठेवलेली असावी. माणूस बेळगावात अडकला तर मुक्कामाचे पैसे काहीही न विचारता मिळावेत. त्याच्या येण्यावर अडून राहील अशी बैठक त्या दिवशी ठेवू नये. आपला दाबोळीचा विमानतळ हा नौदलाचा तळ, तिथे उड्डाणाची वेळ आपल्या सोयीने मिळत नाही. मिळालेली वेळ वाया जाऊ नये असे वाटणे हाही दबावच असतो, आणि पावसाळ्यात घाटावर तो जिवावर बेतू शकतो. सहकाऱ्याला सोबत नेण्याची मुभा तर मुळीच देऊ नकोस, कारण वरिष्ठ विमान चालवत असताना "मला भीती वाटते, परत चला" असे म्हणण्याचे धैर्य हाताखालच्या माणसाला होत नाही.

तू मला विचारलेस, "एवढे सगळे लिहायलाच हवे का, समजूतदार माणसे आहेत." बाय, मीही समजूतदारच होतो. लिही.

मसुदा दुरुस्त करून दसऱ्याआधी घेऊन ये. विमा कंपनीचे ते जुने पत्र मी अजून ठेवले आहे, तेही त्या वेळी घेऊन जा आणि साहेबांपुढे ठेव.

तुझा,
काका