तारीख चुकली, आता काय? पीएफ, मेडिक्लेम, ईएसआयच्या प्रश्नांची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच वळणाचे आहेत. "मॅडम, फॉर्म भरायचा राहून गेला, आता एचआर म्हणते विंडो क्लोज झाली." मी सव्वीस वर्षं भोसरी-चाकणच्या कंपन्यांत पेरोल बघितलंय, हे वाक्य मी स्वतः पण कित्येकांना ऐकवलंय, त्यामुळे त्यात किती दम असतो ते मला माहीत आहे. आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) हे कायद्याने मिळतं, तिथे नाव उशिरा लागलं तर चूक कंपनीची धरतात, तुमचा हक्क बुडत नाही. ग्रुप मेडिक्लेम हा कंपनीने विमा कंपनीशी केलेला करार, तिथे तारीख म्हणजे तारीख. एचआरवाले दोन्हीकडे एकाच तोंडाने "क्लोज झाली" म्हणतात आणि आपण दोन्हीकडे मान डोलावतो, इथेच घोळ होतो.

प्रश्न (चिंचवड): बायको बाळंतपणाला माहेरी सांगलीला गेली होती. मुलगी झाली, सगळी धावपळ. ५२व्या दिवशी एचआरला मेल केला तर म्हणाले ३० दिवसांत कळवायचं होतं, आता पुढच्या रिन्युअलला. रिन्युअल सात महिन्यांवर आहे. काहीच होऊ शकत नाही का?

आधी अभिनंदन. आता वाईट बातमी, एचआर खोटं बोलत नाहीये. बहुतेक ग्रुप पॉलिसींमध्ये मध्येच नाव घालायची मुभा मोजक्याच कारणांना असते, नवीन जॉइन झालेला माणूस, लग्न झालं म्हणून नवरा किंवा बायको, आणि नवजात बाळ. त्याला साधारण ३० दिवस दिलेले असतात, काही पॉलिसींत कमी-जास्त. आणि हे दिवस जन्माच्या तारखेपासून मोजतात, बारशापासून नाही, तुम्ही ऑफिसला परत आलात तेव्हापासून तर नाहीच नाही.

हे बारशाचं मुद्दाम लिहिते. आमच्याकडे एक पोरगा होता, बाळाचं नाव ठरेना, आत्याला एक पाहिजे आजीला दुसरं, आणि हा बिचारा "नाव ठरलं की जन्मदाखला काढतो, मग फॉर्म भरतो" म्हणून थांबला. ३४व्या दिवशी बाळाच्या छातीत कफ भरला, ॲडमिट करावं लागलं. बाळ दोन दिवसांत खेळायला लागलं पण बिल सगळं याच्या खिशातून गेलं, कारण यादीत बाळाचं नावच नव्हतं. मी स्वतः फोन करून भांडले, उपयोग झाला नाही. खरं म्हणजे नाव लागतच नाही! "बेबी ऑफ" आणि पुढे आईचं नाव एवढ्यावर एंट्री होते, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड सहसा चालतं, नाव नंतर दुरुस्त करता येतं.

तुमच्या बाबतीत अजून तीन गोष्टी करून बघा. एक, एचआरकडून पॉलिसीच्या ज्या पानावर मध्येच नाव घालायची अट आहे ते पान मागा, तोंडी ३० वर जाऊ नका, मी ४५ आणि ६० दिवसवाल्या पण पॉलिसी बघितल्यात. दोन, आतली गंमत सांगते, एचआर रोजच्या रोज विमा कंपनीला नावं पाठवत नाही, महिन्यातून एकदा एक्सेल शीट जाते, आलेले-गेलेले-वाढलेले असे कॉलम असतात, आणि कंपनीने विमा कंपनीकडे आगाऊ भरून ठेवलेल्या रकमेतून तेवढ्या दिवसांचा प्रीमियम कापला जातो. म्हणजे उशिराचं नाव घालणं तांत्रिकदृष्ट्या काही अवघड नसतं, विमा कंपनीला भीती एवढीच की आजारपण आलं म्हणून नाव घालतायत का. तेव्हा मेलमध्ये स्पष्ट लिहा, बाळ ठणठणीत आहे, आजपर्यंत कुठलाही क्लेम नाही, उशिराचं कारण हे, खास बाब म्हणून विचार व्हावा. सोबत डॉक्टरचं साधं सर्टिफिकेट जोडा. होईलच असं नाही, पण बऱ्याचदा होतं, आणि एचआर आपणहून विचारत नाही, तिला विचारायला लावावं लागतं. तीन, नाहीच झालं तर स्वतःची एक फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी, घ्या, बऱ्याच वैयक्तिक पॉलिसींत बाळाला ९१व्या दिवसापासून घेतात. तशीही ती असावीच, नोकरी काय, आज आहे उद्या नाही.

आणि जन्माची नोंद २१ दिवसांत होते ना ते पण बघून घ्या, सहसा हॉस्पिटलच करतं पण सांगली काय नि चिंचवड काय, दाखला जिथे जन्म झाला तिथूनच मिळणार.

प्रश्न (रांजणगाव): कॉन्ट्रॅक्टरकडे फेब्रुवारी २०२२ पासून आहे. पीएफ कट व्हायला लागला एप्रिल २०२५ पासून. आधीच्या तीन वर्षांचं विचारलं तर सुपरवायझर म्हणतो "तेव्हा तू पर्मनंट नव्हतास, आणि पाहिजेच असेल तर तुझ्या पगारातून मागचं सगळं कापून भरू." बेसिक-डीए १३,००० आहे.

दोन्ही वाक्यं चुकीची आहेत दादा. पहिलं, पीएफला पर्मनंट, टेम्पररी, कॉन्ट्रॅक्ट असा भेद नाही. कायदा लागू असलेल्या ठिकाणी, म्हणजे साधारण २० किंवा जास्त माणसं असली की, पगार १५,००० पर्यंत असलेला माणूस कामावर आला त्या दिवसापासून मेंबर. प्रोबेशन संपायची वाट बघायची नसते. दुसरं, मागचा तुमचा हिस्सा आता तुमच्या पगारातून कापता येत नाही. ज्या महिन्याचा हिस्सा त्याच महिन्याच्या पगारातून कापायचा असा नियम आहे, चुकून राहिला असेल तरी पीएफच्या इन्स्पेक्टरची लेखी परवानगी लागते. सुपरवायझरला हे माहीत असेल नसेल, पण "कापून भरू" म्हटलं की माणूस गप्प बसतो हे त्याला पक्कं माहीत आहे.

आता हिशोब करू. १३,००० चे १२ टक्के १,५६०. तेवढाच तुमचा, तेवढाच मालकाचा. मालकाच्या १,५६० मधले १,०८३ पेन्शन खात्यात जातात, ४७७ पीएफमध्ये. फेब्रुवारी २०२२ ते मार्च २०२५ असे ३८ महिने धरले तर फक्त मालकाचा हिस्सा ५९,२८० रुपये होतो, आणि रीतसर चौकशी झाली तर दोन्ही हिस्से त्यालाच भरावे लागतात, वर वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज आणि दंड वेगळा. शिवाय पेन्शनला दहा वर्षं सर्व्हिस लागते, त्यातली तीन वर्षं अशी हवेत सोडायची नाहीत.

मधे सरकारने अशाच राहून गेलेल्या लोकांसाठी एम्प्लॉयी एनरोलमेंट स्कीम आणली. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात कामावर आलेले पण नाव न लागलेले जे आजही कामावर आहेत त्यांना मालकाने स्वतःहून जाहीर करायचं, दंड नावापुरता १०० रुपये, आणि कामगाराचा हिस्सा कापलेलाच नसेल तर तो माफ. त्यासाठी १ नोव्हेंबर २०२५ ते ३० एप्रिल २०२६ असे सहा महिने ठेवले. २०१७ सालीही अशी एक मोहीम झाली होती. माझं स्पष्ट मत, ही सवलत मालकाच्या सोयीची आहे, कारण कामगाराचा १२ टक्के हिस्सा कुणीच भरत नाही, पण पाच वर्षं तारखा खाण्यापेक्षा मालकाचा हिस्सा आणि सर्व्हिसची नोंद पदरात पडलेली बरी. आणि ही मुदत गेली म्हणून तुमचा हक्क जात नाही, मालकाची सवलत तेवढी जाते.

पुरावे गोळा करा. पगार बँकेत येत असेल तर २०२२ पासूनचं स्टेटमेंट, गेटपास, हजेरी कार्ड, ईएसआयचा नंबर आधीचा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ईएसआयला तारीख एक आणि पीएफला दुसरी हे कॉन्ट्रॅक्टरला कुठेच सांगता येत नाही. मग पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाका, किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात "निधी आपके निकट" शिबिर असतं तिथे कागद घेऊन जा. अर्जात मूळ कंपनीचं नाव पण घाला, कॉन्ट्रॅक्टरने बुडवलं तर शेवटी जबाबदारी तिच्यावर येते, आणि ते नाव दिसलं की कॉन्ट्रॅक्टरचा फोन फार लवकर येतो.

प्रश्न (हिंजवडी): मी जॉइन होताना पीएफ नको असं टिक केलं होतं कारण बेसिक ४०,००० आहे आणि हातात जास्त पगार येईल असं वाटलं. आधीच्या कंपनीत आठ महिने पीएफ होता, ते पैसे अजून तिथेच आहेत. आता सुरू करायचाय तर एचआर म्हणते एप्रिलमध्येच होईल.

लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते. अगं, तुला "नको" म्हणायचा पर्यायच नव्हता! १५,००० च्या वर बेसिक असलेल्याला पीएफ टाळता येतो, पण तो आधी कधीच मेंबर नसेल तरच. तुझं खातं चालू आहे, त्यात पैसे आहेत, म्हणजे तू मेंबर आहेस, नवीन कंपनीला तुझा पीएफ चालू ठेवणं भाग होतं. जॉइन होताना पीएफसाठी भरून घेतात त्या फॉर्म ११ मध्ये "याआधी मेंबर होतात का" असा सरळ प्रश्न असतो, तिथे तू काय लिहिलंस ते आधी बघ. जॉइनिंगच्या दिवशी तीस-चाळीस सह्या करायच्या असतात, कुणी वाचत नाही, मला माहीत आहे.

एचआरला जुना यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, कळव आणि सांग की माझ्याकडून माहिती चुकीची गेली, जॉइनिंगच्या तारखेपासून दुरुस्त करा. त्यांना मागचं भरावं लागेल म्हणून कुरकुर करतील. एप्रिलचं म्हणशील तर ते व्हीपीएफचं आहे, म्हणजे १२ टक्क्यांच्या वर आपल्या मर्जीने जास्त कापून घेणं, त्याला बऱ्याच कंपन्या एप्रिल किंवा ऑक्टोबर अशी सोयीची तारीख ठेवतात. पीएफला अशी विंडो नाही. कंपनीला पूर्ण ४०,००० वर भरायचं नसेल तर १५,००० च्या मर्यादेवर भरता येतं, म्हणजे १,८००, पण शून्य नाही. जे खरोखर कधीच मेंबर नव्हते आणि आता वाटतंय सुरू करावा, त्यांनी कंपनीसोबत संयुक्त अर्ज द्यायचा, तो वर्षात कधीही देता येतो, फक्त कंपनी राजी पाहिजे.

प्रश्न (नाशिक): आईला बायपास सांगितली आहे. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडिलांचा पर्याय जूनमध्ये होता, प्रीमियम जास्त म्हणून घेतला नाही. आता घेता येईल का?

नाही. इथे गोड बोलून काही उपयोग नाही. आईवडिलांचा पर्याय पॉलिसी सुरू होताना किंवा तुम्ही जॉइन होताना एकदाच, आणि ऑपरेशन ठरल्यावर कुठलीच विमा कंपनी घेणार नाही. पुढच्या जूनमध्ये मात्र न चुकता घ्या, ग्रुप पॉलिसीत आधीचे आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून कव्हर होतात, बाहेर वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वडील धडधाकट असतील तर त्यांची वेगळी पॉलिसी आजच बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. बायपाससाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.

प्रश्न (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर): ऑगस्टमध्ये पगार २०,५०० चा २२,००० झाला. एचआरने लगेच ईएसआय बंद केलं. बायकोची डिलिव्हरी डिसेंबरमध्ये आहे. कंपनी मेडिक्लेममध्ये पण अजून नाव नाही.

मर्यादा २१,००० ची आहे हे खरं, पण ती मधेच ओलांडली म्हणून त्याच महिन्यात बाहेर काढता येत नाही. ईएसआयचे वर्षात दोन हप्ते असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ज्या हप्त्यात पगार वाढला तो संपेपर्यंत कापत राहायचं, तेही पूर्ण २२,००० वर, तुमचे ०.७५ टक्के म्हणजे १६५ रुपये आणि कंपनीचे ३.२५ टक्के. आणि लाभ मागाहून येतो, एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा, त्याच्या आधीच्या हप्त्यावर जुलै ते डिसेंबरचा. आधीपासून वर्गणी नीट भरली असेल तर डिसेंबरची डिलिव्हरी ईएसआयच्या हॉस्पिटलात होऊ शकते. एचआरला सांगा ऑगस्ट-सप्टेंबरची वर्गणी भरा.

मेडिक्लेमचा अर्ज मात्र आजच द्या आणि मेलवर द्या. ईएसआयमधून बाहेर पडलेल्या माणसाला ग्रुपमध्ये घ्यायला पण मोजून दिवस असतात, आणि या दोन खुर्च्यांच्या मधे बसलेली माणसं मी फार बघितली आहेत.

प्रश्न (कोल्हापूर): लग्नाला दोन वर्षं झाली, पीएफवर नॉमिनी अजून भाऊ आहे. बदलायची मुदत गेली का?

मुदत वगैरे काही नाही, पण लग्न झालं तेव्हाच भावाचं नॉमिनेशन रद्द झालं, पीएफच्या व्याख्येत भाऊ कुटुंबात येत नाही. पोर्टलवर ई-नॉमिनेशन करा, बायकोचा फोटो आणि आधार जवळ ठेवा, शेवटी आधारच्या ओटीपीने ई-साइन करायला विसरू नका. बरेच जण सेव्ह करून उठतात आणि ते तसंच पेंडिंग पडून राहतं.