अमेरिकेत पस्तिशीत आयटी सोडून डेंटल स्कूलला अर्ज करता येतो का?

येतो. वयाची अट नाही, पदवीही कुठल्याही विषयातली चालते. अडतं ते विज्ञानाच्या विषयांवर: बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, सगळं लॅबसकट. तुमचं बी.ई. भारतातलं असेल तर हे विषय अमेरिकेतल्याच कॉलेजात करावे लागतील असं धरून चाला. कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचे) क्रेडिट चालतात का, ते प्रत्येक डेंटल स्कूलला आधी विचारा.

मग डॅट, म्हणजे डेंटल स्कूलची प्रवेश परीक्षा. तिच्यात पर्सेप्च्युअल ॲबिलिटीचे ९० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असतात. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं, उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, असल्या तऱ्हेचे. इंजिनिअरिंग ड्रॉइंग मनापासून केलं असेल तर मजा येईल, नाहीतर घाम फुटतो.

एखाद्या डेंटिस्टकडे सुट्टीच्या दिवशी उभं राहून काम बघायला आत्ताच लागा. 'आयटीचा कंटाळा आला' हे कारण मुलाखतीत टिकत नाही. प्रवेश जसजसे अर्ज येतील तसतसे देतात, त्यामुळे जूनमध्येच अर्ज टाका, शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

एच-१बी या वर्क व्हिसावर असाल तर खरी गोम वेगळीच आहे. अनेक सरकारी डेंटल स्कूल्स नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच घेतात, आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज तर मिळतच नाही.