सेंट्रल लाइन: डायलेटर धमनीत गेला तर काढायचा का?

परभणीच्या डॉक्टरांचा प्रश्न असा: मानेच्या उजव्या बाजूने सेंट्रल लाइन (छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) घालताना डायलेटर (आधी सुईतून घातलेल्या वायरवरून सरकवून वाट रुंद करणारी जाड नळी) कॅरोटिडमध्ये (मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीत) गेल्याची शंका आली, तर लगेच उपसून दाबून धरावं का?

नाही. आहे तसाच राहू द्या, वायरसकट. नुसती 18 गेजची सुई लागली असेल तर ती काढून दहा मिनिटं दाबलं की बहुधा भागतं. पण 7 फ्रेंचचा डायलेटर (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) म्हणजे दोन मिलिमीटरहून मोठं भोक. कॅरोटिड त्या जागी नीट दाबली जात नाही. दाबलीच तर मेंदूचं रक्त अडतं, आणि गळ्यात साचलेलं रक्त श्वासनलिका दाबतं. कॅथेटरच (म्हणजे लाइनची नळीच) धमनीत गेला असेल तर सगळी तोंडं बंद करा, त्यातून औषध सोडू नका, टाके घालून पक्का करा आणि संभाजीनगरच्या व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनशी बोलूनच पेशंट हलवा.

खरी तपासणी वायर घातल्यावर, डायलेटर घालण्याआधीच्या मिनिटात असते. ‘रक्त काळं आहे, उसळत नाही, म्हणजे शीरच’ यावर विसंबू नका. कीटकनाशक प्यालेल्या, बीपी आणि ऑक्सिजन दोन्ही घसरलेल्या पेशंटची धमनीही काळंच, संथ रक्त देते. सोनोग्राफीत सुईचं टोक शिरेत दिसलं तरी ते पलीकडून धमनीत गेलेलं असू शकतं. म्हणून सोनोग्राफीचा प्रोब शिरेच्या लांबीत उभा धरून वायर क्लॅव्हिकलपर्यंत (गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत) शिरेतच जाते का ते बघा. मशीन नसेल तर वायरवरून 18 गेजचा कॅन्युला (प्लास्टिकची बारीक नळी) सरकवा, वायर काढा, 50 सेंमीची निर्जंतुक नळी जोडा, खाली धरून रक्ताने भरू द्या, मग उभी करा. शिरेत असेल तर रक्त खाली उतरतं आणि श्वासाबरोबर हलतं. धमनीत असेल तर वरून सांडतं. दोन मिनिटांचं काम, फुकटचं.

डायलेटर मुठीपर्यंत खुपसायची सवय वाईट. त्याचं काम कातडीपासून शिरेपर्यंत वाट करण्याचं. पुढे रेटला तर छातीतली मोठी शीर फाटते. दर सेंटिमीटरला वायर मागेपुढे सहज सरकते का ते बघा. अडली तर थांबा.

वायर 20 सेंमीच्या पुढे नको; मॉनिटरवर ठोके चुकले की मागे घ्या. कॅथेटर सरकवण्याआधी वायरचं शेपूट कॅथेटरच्या तपकिरी रंगाच्या तोंडातून बाहेर आलेलं आणि बोटांत धरलेलं हवं, नाहीतर वायर आत जाते. डोकं खाली, उघड्या तोंडावर अंगठा, म्हणजे हवा शिरणार नाही. व्हेंटिलेटरवरचा पेशंट अचानक ढासळला तर एक्स-रेची वाट न बघता न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साठणं) धरून चाला.

घोणस किंवा फुरसं चावून रक्त गोठत नसेल, तर सबक्लेव्हियनच्या (क्लॅव्हिकलखालच्या शिरेच्या) वाटेला जाऊ नका, तिथे दाबायला जागाच नाही. चांगली हाताची शीर असेल तर नॉरअ‍ॅड्रेनालिन (बीपी वाढवणारं औषध) काही तास तिथूनच चालतं, जागेवर लक्ष ठेवून. लाइन लागलीच तर फेमोरल (जांघेतल्या शिरेतून).