वाचकांचे प्रश्न : गहू सपाटीला, वेली चढावर

प्रश्न : आमची द्राक्षबाग सपाट, काळ्या जमिनीत आहे. दक्षिण जर्मनीतील कास्टेल या वाइनसाठी नावाजलेल्या गावाची छायाचित्रे पाहिली, तेव्हा खाली सपाटीला गहू आणि वेली मात्र उभ्या चढावर दिसल्या. सोपी जमीन सोडून एवढा कष्टाचा उतार कशासाठी?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : कास्टेल हे बव्हेरियातील फ्रांकेन प्रदेशात, श्टायगरवाल्ड या जंगलाळ डोंगररांगेच्या पश्चिम कडेला वसलेले सुमारे ८०० वस्तीचे गाव आहे. तेथील बागा चढावर का, हे निफाडकरांना लवकर उमगेल, कारण थंडी बागेचे काय करते ते आपण जाणता. पारा घसरला की मणी तडकू नयेत म्हणून आपल्याकडे रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. कास्टेलच्या वेली हिवाळाभर पाने गाळून सुप्त असतात. त्यांचा खरा घात होतो तो एप्रिलअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत, वेलीचे डोळे (अंकुर) फुटून कोवळी फूट नुकती बाहेर आलेली असताना एखादी गोठवणारी रात्र आली तर. थंड हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उतारावरून ओघळून सपाटीला साचते, आणि पहाटे खालच्या शेतातील गवत हिमाने पांढरे पडले तरी वरच्या वेली पुष्कळदा वाचतात. शिवाय जवळजवळ ५० अंश उत्तर अक्षांशावर सूर्य दुपारीही कललेला असतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या चढावर त्याची किरणे अधिक सरळ पडतात आणि मण्यांत साखर भरण्यास तेवढाच आधार मिळतो.

गावावरील श्लोसबेर्ग टेकडीच्या मातीत जिप्समचे थर आणि अलाबास्टरचे (जिप्समचाच एक दगडी प्रकार) पांढरे तुकडे सापडतात. इतक्या उभ्या ओळींत बरेचसे काम हातानेच करावे लागते, आणि बाटलीवरच्या नावाइतकेच मोल मला या अंगमेहनतीचे वाटते.

कास्टेलचे नाव मुख्यतः सिल्व्हानर या पांढऱ्या द्राक्षाशी जोडलेले आहे. तीस वर्षांचे युद्ध १६४८ मध्ये संपल्यावर उजाड झालेल्या बागा पुन्हा उभ्या राहत असताना, एप्रिल १६५९ मध्ये ओबरआयझेनहाइम गावाहून २५ रोपे येथे आणली गेल्याची नोंद आहे, आणि जर्मनीतील या जातीच्या लागवडीचा तो सर्वांत जुना पुरावा मानला जातो. नोंदीत ही रोपे 'ऑस्ट्रियन' म्हटली आहेत. अलीकडच्या जनुकीय तपासणीत सिल्व्हानरचे जनक ट्रामिनर ही द्राक्षाची जात आणि 'ऑस्ट्रियन पांढरे' या अर्थाचे नाव असलेली एक जुनी जात असल्याचे आढळले.