पाचव्या पावसाळ्यात शिडी कोण लावणार?

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

छपरावरच्या सोलरसाठी कुठल्या कंपनीचं काम घ्यावं, म्हणून तू पाठवलेला तक्ता पाहिला. तीन कंपन्या, किलोवॅटमागे दर, पॅनेल कुठलं, इन्व्हर्टर कुठला, तुला कमिशन किती. खाली लिहिलंयस, "काका, पहिली सगळ्यात बरी दिसते, पण मन घेत नाही." मन घेत नाही ते बरोबरच आहे. जो रकाना आधी हवा तोच तू आखलेला नाहीस. पाचव्या पावसाळ्यात छपराला शिडी कोण लावणार?

पॅनेलची तुलना करण्यात तू किती वेळ घालवलास गो! सरकारी अनुदान हवं तर पॅनेल देशी सेलचं, म्हणजे ज्याला डीसीआर म्हणतात तेच लागतं. तिन्ही कंपन्या त्याच चार-पाच नावांतून माल उचलतात. मोनो पर्क आणि टॉपकॉन या सेलच्या दोन जातींत फरक आहे, नाही असं नाही, पण गुहागरातल्या 3 किलोवॅटवाल्याला तो बिलात शोधावा लागेल. मग पहिलीचा दर सगळ्यात खाली आणि तुझं कमिशन सगळ्यात वर, हे एकाच वेळी जमतं कसं? पैसा कुठून तरी काढलेला असतो. तो निघतो पॅनेलखालच्या लोखंडी सांगाड्यातून, म्हणजे स्ट्रक्चरमधून, नटबोल्टमधून, अर्थिंगमधून आणि सर्व्हिसच्या माणसाच्या पगारातून. म्हणजे नेमका शिडी लावणाऱ्याच्या पोटातून.

पालशेतच्या बाजूला एका घरावर चढलो होतो. काम माझं नव्हतं, घरवाल्याने नुसतं बघायला बोलावलं. वरून पॅनेल चकचकीत. खाली वाकून बघितलं तर क्लॅम्पचे बोल्ट गंजून फुगलेले, पाना लावला तर डोक्याचे कोपरेच झडले. स्ट्रक्चरच्या प्रत्येक पायापासून स्लॅबवर तांबडा ओघळ. पाइप जागेवर कापले होते आणि कापलेल्या तोंडाला झिंकचा रंग मारलाच नव्हता. गंज तिथूनच आत शिरलेला. पॅनेलला 25 वर्षांची वॉरंटी, आणि ते ज्याच्यावर उभं आहे त्याची ही तऱ्हा! समुद्राकाठी स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलंच माग, आणि बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. 304 घाटावर चालून जातं, आपल्या खाऱ्या वाऱ्यात त्याच्यावर डाग धरतात. कोटेशनमध्ये ग्रेड न देता नुसतं "एसएस" लिहिलं असेल तर फोन करून विचार. फोनवर अडखळले तर समजून घे.

आपल्याकडे निम्म्या स्लॅबवर पावसासाठी पत्र्याची शेड असते. पॅनेल त्या शेडवर बसवणार असतील तर भार पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी दांड्यांवर घेतलाय की नुसत्या पत्र्याला स्क्रू मारलेत, हे स्वतः बघ. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे काय झालं ते तू पाहिलंयस, मी वेगळं सांगत नाही.

अर्थिंगचंही तेच. जांभ्यात अर्थिंग सहज मिळत नाही. इन्व्हर्टरच्या एसी बाजूला, पॅनेलच्या डीसी बाजूला आणि वीज जमिनीत उतरवणाऱ्या लायटनिंग अरेस्टरला तीन वेगळे खड्डे पाहिजेत, आणि रीडिंग घेऊन दाखवायला पाहिजे. परतीच्या पावसात विजा पडायला लागल्या की विजेचा झटका अंगावर घेणारा एसपीडी जातो, एमसीबी पडतो. घर बंद, मालक डोंबिवलीत. घरातलं वायफाय बंद, म्हणून ॲपवर काहीच दिसत नाही. पुढच्या बिलात आकडा दिसला की तो फोन कोणाला करणार? कंपनीला? छे. तुला. आणि तू कोणाला करणार, एवढंच मी पहिल्या ओळीपासून विचारतोय.

सूर्यघर योजनेचा कागद नीट वाच. 2024 पासूनच्या या योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं आणि ते थेट गिऱ्हाइकाच्या खात्यात पडतं. ते आपल्या खिशातून देतोय असा आव आणू नकोस, आणि तारीख तर देऊच नकोस. करार गिऱ्हाईक आणि व्हेंडर, म्हणजे बसवणारी कंपनी, यांच्यात होतो, 5 वर्षं देखभाल करायची जबाबदारी व्हेंडरची. तुझं नाव त्यात कुठेच नाही. पण गावात व्हेंडरला ओळखतो कोण? शिमग्यात पालखीबरोबर फिरशील तेव्हा ज्याच्या अंगणात उभी राहशील तो तुलाच विचारणार, "काय गो, ते बंद पडलंय ना?" जुलैत घाटात दरड आली की पुण्याची गाडी येत नाही. चिपळुणातला माणूस येतो. येईल असा माणूस आहे का, ते बघ.

आणखी एक. लाईट गेली की साधी ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेली, सिस्टीमही बंद पडते, हे ॲडव्हान्स घेण्याआधी सांगायचं. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लाईट गेल्यावरही हवी असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी, त्याचे पैसे वेगळे. आणि युनिटं फुगवून सांगू नको. वर्षाची सरासरी धरली तर किलोवॅटला दिवसाला चार युनिटं. आषाढात त्याच्या निम्मी मिळाली तरी पुष्कळ. माडाची सावली पडत असेल तर तेही बोल. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

तू म्हणशील, काकांना बोलायला काय जातंय, काकांनी धंदा वाढवला कुठे? घरातही हेच ऐकतो. घाटावरच्या एका कंपनीने जिल्ह्याची डीलरशिप देऊ केली होती, मी फक्त विचारलं की इथे तुमचा माणूस राहणार कोण. उत्तर आलं, "बघू, लागेल तसा पाठवू." मी नाही म्हटलं. ज्यांनी घेतली त्यांची घरं झाली, गाड्या झाल्या. त्या कंपनीचा नंबर आता लागत नाही, पण डीलरशिप घेणाऱ्यांच्या गाड्या आहेत हेही खरं. मला खंत त्याची नाही. खंत वेगळी आहे. माझ्याकडे तयार झालेला पोरगा, अर्थिंगपासून वायरींची टोकं दाबून बसवण्यापर्यंत हाताला चोख, मुंबईला निघून गेला. कमी मार्जिनवर त्याचा पगार वाढवणं मला झेपलं नाही. तेव्हा कमिशन कमी असणाऱ्यालाच देव मानू नकोस. शिडी लावणाऱ्याचं घर चाललं पाहिजे एवढा दर गिऱ्हाइकाकडून मागता आला पाहिजे, आणि तो मागताना तुझा आवाज पडता कामा नये. ते मला जमलं तेवढं जमलं.

पहिलीला अजून हो म्हणू नको. तिसरीला फोन कर. कमिशनचं नाव काढू नको. टेक्निशियन कोण, राहतो कुठे, पगारावर आहे की ठेक्यावर, हे विचार. मग तीन-चार पावसाळे काढलेल्या घरांचे पत्ते माग. ते स्वतःहून देतील ती यंदाची चकाचक घरं नकोत, जुनीच. दिले तर रविवारी मला घेऊन जा, पाना माझ्याकडे आहे. द्यायला टाळाटाळ केली तर चौथी कंपनी शोध, तक्त्यात जागा आहे.

तुझा,
काका