काकडी-दुधी कडू निघाले, त्यात कारल्याचा दोष नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गच्चीवर कारल्याशेजारी काकडी आणि दुधी लावलेत, काकड्या एप्रिलपासून मधूनच कडू लागतायत, घरच्या बियांच्या दुधीचं पहिलंच फळ कडूजहर निघालं. हे कारल्यामुळे झालं का, शिजवून खाल्लं तर चालेल का, आणि बी धरावं का?

आधी खाण्याचं. कडू दुधी खायचा नाही. शिजवूनही नाही, रस काढून तर मुळीच नाही. हा कडूपणा क्युकरबिटॅसिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि उकळून, तळून किंवा कुकरच्या शिट्ट्या वाढवून ती नष्ट होत नाहीत. पोटात गेली की थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, जुलाब. जास्त गेली तर रक्ताची उलटी आणि रक्तदाब घसरणं. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. म्हणून त्रास सुरू झाला की घरी ताक-लिंबू करत न बसता थेट रुग्णालय गाठायचं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आपणहून सांगायचं. २०१० साली दिल्लीत कडू दुधीच्या रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितलं की रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची (दुधीच्याच कुळातल्या एका भोपळ्याची) भाजी खाल्ल्यानंतर एक वृद्ध गृहस्थ दगावले. तिथे भाजी शिजवलेलीच होती. आपल्याकडे घोळ असा की दुधीचा रस औषध म्हणून पितात, आणि औषध कडू असायचंच असं समजून नाक दाबून घोट घेतात. जिभेने दिलेला इशारा तिथेच वाया जातो.

कारल्याचा कडूपणा वेगळ्या संयुगांचा आहे, आणि भाजीत आपण जेवढं कारलं खातो तेवढं पचतं. त्यावरून दुधीचा अंदाज बांधू नका.

आता कारल्याला मोकळं करू. कारलं, काकडी, दुधी एकाच कुळातले असले तरी त्यांचा आपसात संकर होत नाही. आणि समजा शेजारच्या कडू भोपळ्याचा पराग तुमच्या दुधीच्या फुलावर पडला, तरी त्या हंगामातलं फळ कडू होत नाही. गर हा आईवेलाचाच असतो, परागाचा वाटा फक्त आतल्या बियांत. तो बाहेर पडतो पुढच्या वर्षी, ती बी लावल्यावर. तुमच्या दुधीचं बहुधा हेच झालंय. तंबोऱ्याचे आणि पूर्वी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधायचे ते कडू भोपळे आणि भाजीचा दुधी ही एकच प्रजात आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यात साल आणि आकार बघतात, चव कोण बघतो! अशा वेलाशी संकर झाला की सहसा कडूपणाच वरचढ ठरतो.

काकडीची गोष्ट वेगळी. हिमालयाच्या पायथ्याशी आजही रानकाकडी मिळते, लहान आणि कडू. कमी कडू फळांचं बी पिढ्यान्‌पिढ्या धरून माणसाने ती खाण्याजोगी केली, पण ती फक्त फळापुरती. पान अजून कडूच आहे. चिनी शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवलं की काकडीत क्युकरबिटॅसिन बनवण्याचं काम नऊ जनुकं करतात आणि ते चालू-बंद करणारी बटणं दोन: एक पानाचं, एक फळाचं. काही वाणांत फळाचं बटण पूर्ण बंद नाही, नुसतं ढिलं झालंय. पाण्याचा ताण पडला किंवा तापमान बिघडलं की ते पुन्हा चालू होतं. पानं कडू असण्याचा वेलाला फायदाही आहे. लाल कोळी ही कीड अशा पानांवर कमी येते. लाल भुंगेऱ्यांना मात्र हीच चव आवडते. झाडाने सगळ्यांशीच कसं भांडावं?

म्हणजे निदान सोपं आहे. वेलावरचं पहिल्यापासूनचं प्रत्येक फळ कडू असेल तर दोष बियांत. तो वेल उपटा, खतपाण्याने सुधारणार नाही. आधी गोड आणि उन्हं तापल्यावर मधूनमधून कडू, तर ताण. तुमच्या काकडीचा हाच प्रकार दिसतो. काकडीला किमान २० ते २५ लिटरची कुंडी हवी, दुधीला ४० ते ५०. त्याहून लहान कुंडी मे महिन्यात दुपारपर्यंत कोरडी पडते, संध्याकाळी आपण ती भिजवतो, आणि हा ओला-सुका खेळच नडतो. मातीवर ५ ते ७ सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पाणी सकाळ-संध्याकाळ विभागून द्या, दुपारी ३५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट ओढा. फळं एक दिवसाआड तोडा, वेलावर जून होऊ देऊ नका.

हलकी कडसर काकडी असेल तर देठाकडचा २-३ सेंटीमीटर तुकडा टाका आणि साल जाड काढा. कडूपणा तिथेच जास्त साठतो. शेंडा कापून गोल गोल घासण्याने जो फेस येतो तो चिकाचा. गरातला कडूपणा त्याने निघत नाही, उपयोग झालाच तर कापून टाकलेल्या तुकड्याचा. त्यानंतरही कडू लागली तर ती फेका.

चाखायची ती कच्ची आणि मिठाविना. मीठ कडू चव दाबतं, त्यात साखर आणि दाण्याचं कूट पडलं की कोशिंबिरीत कडसर काकडी सहज खपून जाते. हरभऱ्याएवढा तुकडा देठाकडून आणि एक मधून घ्या, चावून जिभेच्या मागपर्यंत फिरवा, पाचेक सेकंद थांबा, थुंका. कडू चव उशिरा उमटते. प्रत्येक फळ चाखा, त्याच वेलाचं कालचं गोड होतं हा पुरावा नव्हे. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक (चव टिपणारे रेणू) असतात आणि त्यांची तीव्रता माणसागणिक बदलते, म्हणून शंका असेल तर घरातल्या दुसऱ्यालाही चाखायला द्या. सर्दी झालेल्याच्या मतावर जाऊ नका.

बी धरायचं तर पाकिटावर एफ-वन (म्हणजे संकरित) लिहिलेल्या वाणाचं नको, पुढची पिढी सारखी येत नाही. सरळ म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचं धरताना परागीकरण हाताने करा. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, काकडीची पिवळी सकाळी. दुधीच्या उमलायच्या बेतातल्या कळ्या दुपारीच दोऱ्याने सैल बांधा किंवा कागदी पिशवीत झाका. मादी फुलामागे इवलासा दुधी असतो, नराला नुसता देठ. दिवेलागणीला नराच्या पाकळ्या काढून पराग मादीवर टेकवा, एका मादीला दोन-तीन नर वापरा, फूल पुन्हा झाका आणि देठाला रंगीत दोरा बांधा. बीजोत्पादनात अर्धा ते एक किलोमीटर अंतर राखतात, गच्चीवर ते शक्य नाही. पिशवी एवढाच उपाय. दोऱ्याचं फळ दुधी असेल तर साल तपकिरी, टणक होऊन आत बिया खुळखुळेपर्यंत वेलावर ठेवा. काकडी पिवळी-तपकिरी झाल्यावर काढा, बिया गरासकट एक-दोन दिवस आंबवा, धुऊन सावलीत वाळवा.

उपटलेल्या दुधीची फळं गुरांना घालू नका. वेल कंपोस्टमध्ये गेला तर हरकत नाही, फळं मात्र आधी फोडून बिया काढा, नाहीतर पावसाळ्यात तोच वाण खतातून उगवेल आणि तुम्ही तो आपसूक आलेला म्हणून मांडवावर चढवाल.