पुस्तकं स्कॅन करताना पाठ आणि अंगठा सांभाळा

भाऊ, घरच्या पेटीतली जुनी पुस्तकं स्कॅन करायला घेतली, फार चांगलं केलं. पण स्कॅनर सतरंजीवर ठेवून मांडी घालून बसू नका. दर पानाला वाकावं लागतं, तासाभरात कंबर धरते. टेबल घ्या, काच कोपराच्या उंचीला किंवा जराशी खाली. टेबल बुटकं असेल तर त्याच्या पायांखाली विटा लावा आणि ते डुगडुगत नाही ना, बघा.

खरा त्रास अंगठ्याला. २०० पानांचं पुस्तक दोन-दोन पानं धरली तरी १०० वेळा उचलायचं, पलटायचं, दाबायचं. जाड पुस्तक चिमटीत उचललं की अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत ठणका लागतो. म्हणून दोन्ही तळवे पुठ्ठ्याखाली घालून उचला. दाबताना मनगट सरळ, जोर तळहाताचा. झाकण दरवेळी उघडू-मिटू नका, पुस्तकावर काळं कापड टाकलं तरी भागतं. साध्या मजकुराला ३०० डीपीआय (स्कॅनर एका इंचात किती ठिपके टिपतो, तो आकडा) पुरे. ६०० ला दिवा हळू सरकतो, तेवढा वेळ हात दाबून धरावा लागतो.

धूळ आधी अंगणात मऊ ब्रशने झटका, तोंडाला दुपट्टा बांधून.

उन्हाळ्यात कूलरच्या झोतात बसू नका. पानं उडतात, धरता धरता खांदे आखडतात, शिवाय दमट हवेने जुना कागद लिबलिबीत होतो. पहाटेच बसा. लाईन जाईल म्हणून एका बैठकीत पुस्तक संपवायची घाई नको; वीस मिनिटांनी उठून हात मोकळे करा. सकाळी उठल्यावरही अंगठा दुखत असेल, तर काही दिवस काम बंद ठेवा, आणि तरीही थांबलं नाही तर डॉक्टरला दाखवा.